डिझेल मोटरहोम हिवाळाभर उभी ठेवताना: एअर सस्पेन्शन, जॅक आणि टायर

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी जुनी डिझेल मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेतली आहे, त्यांचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. उन्हाळ्यात आई-बाबा आले की गाडी फिरते आणि थंडी पडली की उभी राहते. डिसेंबरात भारतात जायचं असेल तर सलग दोन-तीन महिने तिच्याकडे कोणी फिरकत नाही. वसाहतीच्या नियमांमुळे चाळीस फुटी गाडी बहुतेकांना दारात ठेवता येत नाही, म्हणून ती भाड्याच्या स्टोरेज लॉटवर जाते. परत येऊन बघावं तर एक कोपरा खाली बसलेला आणि गाडी एका अंगावर कललेली. अशा वेळी दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी हवा कुठे गेली आणि का गेली हे कळलं, तर निम्मी काळजी तिथेच मिटते. उरलेली निम्मी काळजी गाडी उभी करतानाच मिटवता येते.

हा लेख मागे इंजिन असलेल्या, एअर ब्रेक आणि एअर सस्पेन्शनवरच्या क्लास ए, म्हणजे बसएवढ्या मोटरहोमसाठी आहे. फ्रेटलाइनर किंवा स्पार्टन चासीवरच्या (चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा) बहुतेक डिझेल गाड्या यात येतात. फोर्ड एफ-५३ चासीवरच्या पेट्रोल गाड्यांना पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. त्यांच्या मालकांनी जॅक (गाडी सपाट करणारे खालचे पाय) आणि टायरचा भाग वाचला तरी पुरे.

हवा कुठे असते आणि कुठे जाते

मुंबई-पुणे शिवनेरीसारख्या व्हॉल्व्हो बस ज्या रबरी फुग्यांवर तरंगत जातात, तेच फुगे तुमच्या गाडीखाली आहेत. इकडे त्यांना एअर बॅग म्हणतात. इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती ड्रायरमधून कोरडी होऊन टाक्यांत जाते आणि टाक्यांतून ब्रेक व सस्पेन्शनला मिळते. टाक्यांतला दाब १२० ते १३० पीएसआयच्या आसपास पोचला की गव्हर्नर नावाची दाब सांभाळणारी झडप कॉम्प्रेसरला थांबवते. तेव्हा ड्रायरमधून जोरात ‘फस्स’ आवाज येतो. तो बिघाडाचा नसून ड्रायरने साठलेलं पाणी बाहेर टाकल्याचा असतो.

कोणत्या बॅगेत किती हवा हवी हे हाइट व्हॉल्व्ह ठरवतात. असे व्हॉल्व्ह बहुधा तीन असतात, एका ॲक्सलला एक आणि दुसऱ्याला दोन. प्रत्येक व्हॉल्व्हला एक दांडी असते आणि ती ॲक्सलला जोडलेली असते. गाडी खाली गेली की दांडी वळून हवा आत घेते, वर गेली की हवा सोडते. एखाद्या ॲक्सलला एकच व्हॉल्व्ह असेल तर त्या ॲक्सलचे दोन्ही कोपरे एकत्र खाली बसतात. दोन असतील तर एकच कोपरा बसू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे गळती शोधताना याचाच उपयोग होतो.

इंजिन बंद झालं की नवी हवा येत नाही. शेकडो जोड, व्हॉल्व्हमधले छोटे रबर, हॉर्न, हवेवर चालणारी ड्रायव्हरची सीट, पायरीवरचं सरकतं झाकण अशा कुठून ना कुठून ती हळूहळू निघून जाते. दोन-चार दिवसांत गाडी थोडी खाली येणं नेहमीचं आहे. दोन तासांत एक कोपरा बसला तर मात्र ती गळती समजा. तीन महिन्यांत हवा जाणारच. म्हणून हवा टिकवण्याची धडपड करू नका. आपणच ती सगळीकडून सारखी सोडा आणि गाडी आतल्या रबरी थांब्यांवर नीट बसवून ठेवा.

गाडीखाली जाण्याविषयी

एअर बॅगवर किंवा हायड्रॉलिक जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका. डोकं चाकाच्या कमानीत घालून बॅग बघणं हेही त्यातच आलं. हवेची नळी निसटली तर तेरा ते वीस टनांची गाडी क्षणात तीन-चार इंच खाली येते आणि टायर व कमान यांच्यातली जागा तेवढ्याने संपते. अशा अपघातांत माणसं गेली आहेत. खाली जायचंच असेल तर चासीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, चासीच्या मुख्य तुळयांखाली, पुरेशा टनाचे पोलादी स्टँड लागतात. ते नसतील तर ते काम ट्रकच्या वर्कशॉपचं. तपासणीसाठी सेल्फी स्टिकला फोन लावा, टॉर्च चालू करा आणि बाहेर उभं राहून व्हिडिओ घ्या. बॅगेवरच्या चिरा, घासल्याच्या खुणा, बाहेर डोकावणारे धागे आणि दांड्यांचे तुटके जोड त्यात स्पष्ट दिसतात.

जागा निवडताना

काँक्रीटची, दोन्ही दिशांना जवळपास सपाट जागा मिळाली तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. डांबरी जागा उन्हात मऊ पडते आणि खडीत जॅक रुततो. हवा सोडल्यावर गाडी जमिनीच्या उतारानेच बसते, त्यामुळे उतार पुढच्या किंवा मागच्या दिशेला थोडासा असलेला बरा. छतावरचं पाणी वाहून जातं. आडवा उतार टाळा.

छपराखालची जागा घेत असाल तर तुळईची उंची स्वतः मोजा. या गाड्या साडेबारा ते साडेतेरा फूट उंच असतात. तुम्ही परत येऊन हवा भराल तेव्हा गाडी आहे त्यापेक्षा वर उचलली जाईल, हे विसरू नका.

टायरखाली फळ्या लावून गाडी सपाट करायची असेल तर फळी टायरच्या पूर्ण तळापेक्षा मोठी हवी. मागे जोडटायर असतात, तिथे दोन्ही टायर पूर्णपणे फळीवर आले पाहिजेत. जोडीतल्या एकाच टायरखाली फळी आली तर सगळा भार त्याच्यावर जातो आणि आतले पोलादी धागे दुखावतात.

आठवडाभर आधी: गळतीची चाचणी

सामान फार लागत नाही: मोजपट्टी, चिकटपट्टी, मार्कर पेन, १५० पीएसआयपर्यंत मोजणारा टायर गेज आणि साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा आणि दाब पूर्ण भरू द्या. मग चारही चाकांच्या कमानींवर मधोमध चिकटपट्टीचा तुकडा लावून तिथपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. आकडा त्याच पट्टीवर लिहा, वेळही लिहा. इंजिन बंद करा आणि डॅशबोर्डवरच्या दोन्ही हवेच्या काट्यांचा फोटो घ्या. तासाने पुन्हा मोजा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.

काटे पडले पण उंची तीच राहिली, तर गळती टाक्यांकडे किंवा ब्रेकच्या बाजूला आहे. ब्रेकसाठी अमेरिकेत व्यावसायिक वाहनांना लागू असलेली मर्यादा चांगली कसोटी आहे: इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला, अडणी घट्ट, अशा स्थितीत मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त दाब पडता कामा नये. पेडल दाबून धरलं असताना ३ पेक्षा जास्त नाही. याहून वेगाने पडत असेल तर गाडी वर्कशॉपला न्या, लॉटवर ठेवू नका. उलट काटे ठीक आणि एकच कोपरा खाली, तर त्या कोपऱ्याची बॅग, तिची नळी किंवा तिथला हाइट व्हॉल्व्ह बघायचा.

हाताला बाहेरून लागणाऱ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. लहान गळतीला लगेच बुडबुडा येत नाही. अर्धा मिनिट थांबलात की जोडाभोवती बारीक पांढरा फेस साचताना दिसतो. काच पुसण्याचं अमोनियायुक्त द्रावण मात्र वापरू नका. जोड पितळेचे असतात आणि अमोनियाने पितळ तडकतं.

गाडी उभी करण्याच्या दिवशी

१. लॉटवर नेण्याआधी किमान अर्धा-पाऊण तास हायवेवर चालवा. इंजिन पूर्ण तापतं आणि ड्रायरला टाक्यांतली ओल काढायला वेळ मिळतो.

२. जागेवर येताना शेवटचे काही फूट सरळ या. पुढची चाकं वळलेली ठेवून हवा सोडली तर काही गाड्यांत टायर कमानीच्या कडेला टेकतो.

३. पार्किंग ब्रेक लावा आणि मागच्या चाकांना अडणी लावा. हा ब्रेक स्प्रिंगचा आहे. हवा संपली तरी तो लागलेलाच राहतो, उलट हवा नसली की सुटत नाही. तो फक्त मागच्या चाकांना धरतो हे पक्कं लक्षात ठेवा.

४. स्लाइड (भिंतीतून बाहेर सरकणारे खोलीचे भाग) पूर्ण आत घ्या. त्या बाहेर ठेवल्या तर रबरी कडा आणि वरची कनात हिवाळाभर ऊन-बर्फ झेलतात. स्लाइड आधी आत घ्यायच्या की गाडी आधी लेव्हल करायची, हा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा आहे. तुमच्या पुस्तिकेचा क्रम पाळा.

५. गाडीखाली दगड, लाकूड, बर्फाचे ढेकळे नाहीत याची खात्री करून बॅगांतली हवा सोडणारं ‘डम्प’ किंवा ‘एअर डम्प’ बटण दाबा. गाडी तीन-चार इंच खाली येईल. चारही कोपरे पुन्हा मोजा आणि हे आकडे पहिल्या आकड्यांखाली लिहा. ही तुमची बसलेली उंची.

६. आता टाक्यांचं पाणी काढा. बहुतेक गाड्यांत तीन टाक्या असतात. बऱ्याच गाड्यांत त्यांच्या तळाच्या झडपा बाहेरून ओढता येतील अशा तारा दिलेल्या असतात. तारा नसतील तर हे काम वर्कशॉपमध्येच करून घ्या. कॉम्प्रेसरजवळची ओली टाकी आधी सोडा. थोडंसं स्वच्छ पाणी निघालं तर ठीक. दरवेळी भरपूर पाणी येत असेल तर ड्रायरचं काडतूस बदलायला झालं आहे, ते दोन-तीन वर्षांनी बदलावंच लागतं. काळपट, तेलकट चिखल आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे. मिनेसोटा किंवा ओंटारिओसारख्या ठिकाणी हे पाणी काढणं टाळू नका. ते नळीत गोठलं की जानेवारीत गाडी हलवायची वेळ आली तर ब्रेकही सुटत नाही आणि बॅगाही भरत नाहीत.

७. टायर थंड असताना दाब वाढवा. टायर कंपन्यांचा सल्ला नेहमीच्या दाबापेक्षा २५ टक्के जास्त असा आहे, पण रिमवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. नेहमीचा दाब ९५ असेल तर साधारण ११९ होतो. यामुळे टायर एका जागी चपटा पडत नाही. टायर आणि जमीन यांच्यामध्ये प्लायवूड किंवा जाड प्लास्टिक हवं, ते गाडी जागेवर आणण्याआधीच अंथरून ठेवा. वरून पांढरी कव्हरं चढवा. ॲरिझोनातलं ऊन टायरच्या भिंतीचं थंडीपेक्षा जास्त नुकसान करतं.

८. चासीची बॅटरी आणि घराची (गाडीतल्या राहण्याच्या भागाची) बॅटरी दोन्ही पूर्ण चार्ज करून, चार्जर जोडायची सोय नसेल तर मुख्य खटक्याने तोडा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर गोठत नाही, रिकामी मात्र गोठते आणि फुटते.

जॅक खाली ठेवायचे की वर?

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक ठामपणे बोलतात. जॅक खाली ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की टायर आणि सस्पेन्शनवरचा भार हलका होतो. ते खरं आहे, पण अर्धंच. जॅकची चकचकीत क्रोमची दांडी तीन महिने उघडी राहते. तिच्यावर पाणी, धूळ, रस्त्यावरचं मीठ बसून बारीक खड्डे पडतात. मग जॅक वर घेताना तोच खडबडीत पृष्ठभाग वरच्या सीलमधून घासत जातो. तेल गळायला सुरुवात होते आणि जॅक अर्ध्यातच अडकतो. शिवाय हायड्रॉलिक जॅकही महिनोन्महिने सारखा धरून राहत नाही. एक थोडा सुटला आणि बाकीचे तसेच राहिले की चासीला पीळ बसतो. तो पीळ सगळ्यात आधी दिसतो पुढच्या मोठ्या काचेत: कोपऱ्यातलं रबर निघतं किंवा काच तडकते.

म्हणून जागा सपाट असेल तर जॅक पूर्ण वर घेऊन गाडी थांब्यांवर बसू द्यावी, हेच आमचं ठाम मत आहे. उतारामुळे जॅक वापरावेच लागले तर चार गोष्टी पाळा. आधी हवा सोडा, मगच जॅक लावा. प्रत्येक जॅकखाली किमान एक फूट बाय एक फूट पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर घाला, म्हणजे दांडी कमी बाहेर येते. जॅक जोडीने चालवा, एकटा कोपरा उचलू नका. आणि मागची चाकं जमिनीवरून कधीही उचलू नका. पार्किंग ब्रेक तिथेच आहे. ती चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ती जॅकवरून घसरू शकते. पुढची चाकंही लटकती नकोत, कारण तेव्हा ॲक्सलचं वजन शॉक ॲब्सॉर्बरवर आणि ताणलेल्या बॅगांवर येतं.

उघड्या दांड्या कोरड्या फडक्याने पुसून त्यांवर सिलिकॉन स्प्रे मारा. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा, आणि समुद्रकिनाऱ्याजवळ दर दोन-तीन आठवड्यांनी. ग्रीस लावू नका. त्यावर वाळू चिकटते आणि सील कापते.

हवेवरच लेव्हल होणाऱ्या गाड्या

काही महागड्या गाड्यांना जॅक नसतात, किंवा जॅकच्या जोडीला हवेवरचं लेव्हलिंग असतं. आयोवातल्या मॉस्को गावच्या एचडब्ल्यूएच कंपनीची अशी यंत्रणा बऱ्याच गाड्यांत दिसते. हिचं वैशिष्ट्य म्हणजे ती ठराविक वेळाने स्वतः जागी होते, गाडी कलली आहे का बघते आणि गरज पडली तर छोटा विजेचा कॉम्प्रेसर चालवून हवा भरते. कॅम्पमध्ये रात्री हे छान वाटतं. स्टोरेजमध्ये मात्र एका लहान गळतीपायी कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, बॅटरी संपते, आणि शेवटी गाडी वाकडी बसते ती बसतेच. त्यामुळे आपोआप लेव्हल करणारी सोय आधी बंद करा, मग चारही कोपऱ्यांची हवा सोडा आणि शेवटी वीज तोडा.

मधले महिने

कोणी मित्र महिन्यातून एकदा चक्कर मारू शकला तर त्याला चारच गोष्टी सांगा: गाडी कलली आहे का, टायरचा दाब, बॅटरीचे व्होल्ट, आणि खाली तेलाचा डाग किंवा उंदराच्या लेंड्या. हवेच्या नळ्या नायलॉनच्या असतात आणि उंदीर त्या कुरतडतात. इंजिन मात्र चालू करायला सांगू नका. दहा मिनिटं जागेवर चालवलेलं इंजिन धड तापत नाही. तेलात ओल साठते आणि टाक्यांत ताजं पाणी जमा होतं. चालवायचं तर अर्धा तास रस्त्यावर, नाहीतर बंदच राहू दे.

परत आल्यावर

आधी गाडीभोवती फिरा आणि चिकटपट्टीवरच्या बसलेल्या उंचीशी आजची उंची ताडून बघा. बॅटरी जोडा. टायरचा दाब नेहमीच्या आकड्यावर आणा. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदल.

अडणी तशीच ठेवून इंजिन चालू करा. सुरुवातीला कमी दाबाचा भोंगा वाजेल, तो ६० पीएसआयच्या आसपास थांबतो. ब्रेकच्या टाक्या सुरक्षित दाबावर पोचेपर्यंत संरक्षक झडप सस्पेन्शनला हवा देत नाही, त्यामुळे पहिली काही मिनिटं गाडी हलणारच नाही. दहा-पंधरा मिनिटं द्या. जॅक खाली असतील तर आधी हवा पूर्ण भरू द्या, मग जॅक वर घ्या. नाहीतर गाडी धप्पकन थांब्यांवर आदळते. जॅकचा दिवा विझल्याशिवाय आणि बाहेर उतरून प्रत्येक जॅक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गिअर टाकू नका.

ड्रायरचा ‘फस्स’ ऐकू आला की चारही कोपरे मोजा. चिकटपट्टीवरच्या पहिल्या आकड्यांशी अर्ध्या इंचाच्या आत जुळले तर अडणी काढून निघायला हरकत नाही. गाडी थांब्यांवर असताना चालवली तर प्रत्येक खड्डा थेट चासीला बसतो आणि काचेपासून शॉकपर्यंत काहीही तुटू शकतं.

एखादा कोपरा उठत नसेल तर

टाक्या भरल्या पण एकही बॅग भरत नाही: डम्पची झडप उघडी अडकली असण्याची शक्यता जास्त. बटण दोन-तीनदा चालू-बंद करा, त्या झडपेचा फ्यूज बघा.

एकच कोपरा खाली: हाइट व्हॉल्व्हची दांडी ॲक्सलपासून सुटली आहे का ते फोनच्या व्हिडिओत बघा. ही दांडी उंदीर, बर्फ किंवा गंजामुळे निसटते आणि दुरुस्ती स्वस्त असते. दांडी जागेवर असेल आणि बॅगेतून सू-सू आवाज येत असेल तर बॅग फाटली आहे. दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला, त्यांचं वय सारखंच असतं.

गाडी भलतीच वर चढते आहे: हाही दांडीचाच दोष, उलट दिशेने. दांडीची लांबी स्वतः कमी-जास्त करून उंची जुळवू नका. उंची बदलली की मागच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो आणि चालताना थरथर सुरू होते. उंचीचा आकडा चासी कंपनी देते आणि तो ॲक्सलजवळ ठरलेल्या बिंदूंमध्ये मोजायचा असतो, चाकाच्या कमानीवर नव्हे.

कडाक्याच्या थंडीत काहीच हलत नाही: झडपेत पाणी गोठलं आहे. नळीत अल्कोहोल किंवा अँटिफ्रीझ ओतायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ड्रायर असलेल्या यंत्रणेत त्याने सील खराब होतात. उष्ण दिवसाची वाट बघा, किंवा गाडी तापवलेल्या वर्कशॉपमध्ये टो करून न्यायची सोय करा. टो करणाऱ्याला आधीच सांगा की बऱ्याच गाड्यांत पुढे बाहेरून हवा भरण्याचं तोंड दिलेलं असतं. त्यातून ब्रेकच्या टाक्या भरल्या तरच मागची चाकं सुटतील.